पातेल्यात तोंड बुडवून चष्म्याचा नंबर उतरत नाही

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठलाही ग्रुप उघडा, तो आहेच. ‘निसर्गाचं भिंग’ असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा: पाणी हे काचेपेक्षा श्रेष्ठ भिंग आहे. कुठलंही भिंग पाण्यात बुडवलं की त्याची ताकद वाढते, म्हणून तर पेल्यातलं नाणं मोठं दिसतं. मायनस नंबरवाल्यांना पाण्याखाली चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. थायलंडच्या समुद्रावर राहणाऱ्या एका जमातीची मुलं पाण्यात डोळे उघडे ठेवतात, म्हणून त्यांना चष्मा लागत नाही. तेव्हा तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात रोज सकाळी पाच मिनिटं तोंड बुडवून डोळे उघडे ठेवा, ४१ दिवसांत नंबर उतरेल. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढू नका, ती पाण्यातच राहणारी वस्तू आहे. आणि नंबरचे पोहण्याचे गॉगल ही निव्वळ लूट आहे, कारण नंबर काचेत असतो, तो हवेत काय नि पाण्यात काय, तोच.

असले मेसेज रोज येतात आणि जातात. हा मात्र माझ्या मावशीने मनावर घेतला आणि नववीतल्या नातीला पातेल्यासमोर बसवलं. ती मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. म्हणून मेसेजचा क्रम सोडून सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते.

लेन्स लावलेला डोळा पाण्यात उघडायचा नाही. पातेल्यात नाही, शॉवरखाली नाही, तरणतालात नाही. मऊ लेन्स ज्या द्रावणात ठेवतात त्यात साधारण ०.९ टक्के मीठ असतं, म्हणजे आपल्या अश्रूंइतकंच. नळाच्या पाण्यात मीठ जवळपास नसतंच. त्यामुळे लेन्स ते पाणी शोषते, तिचा आकार बदलतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते. अशा वेळी नखाने ओढून काढली तर पारपटलावरची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक घुमटावरची, वरची साय तिच्याबरोबर सोलली जाते. चुकून पाणी गेलंच तर निर्जंतुक सलाईनचे किंवा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे, पापण्या मिटत-उघडत थांबायचं, लेन्स डोळ्यावर मोकळी सरकू लागली की मगच काढायची आणि टाकून द्यायची. महिनाभर चालणारी असली तरी टाकून द्यायची. लेन्सच्या एका जोडीचे पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

चिकटण्यापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे अकँथअमीबा. हा एकपेशीय जीव मातीत, नळाच्या पाण्यात, गच्चीवरच्या टाकीत, तरणतालात सगळीकडे सापडतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि त्या कवचाला नळाच्या किंवा तलावाच्या पाण्यातलं क्लोरीन पुरं पडत नाही. नर्मदेचं पाणी शुद्ध करून येतं, हे मान्य. पण आपल्याकडे नळ एक दिवसाआड, मधल्या काळात तेच पाणी टाकीत बसलेलं, आणि कित्येक घरांत त्यात बोरिंगचं पाणी मिसळलेलं. ते प्यायला ठीक असेल. डोळ्याला त्याहून कडक नियम लागतो. पाण्यातला हा जीव लेन्सखाली अडकला की तासन् तास पारपटलाला चिकटून राहतो, आणि जराशा ओरखड्यातूनही आत शिरतो. मग डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, आणि डोळा दिसतो त्या मानाने ठणका फार जास्त असतो. सुरुवातीला हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा आजार वाटू शकतो, त्यात दिवस जातात. नेमकं निदान झाल्यावरही थेंब आधी दर तासाला आणि मग कित्येक महिने घालावे लागतात. व्रण राहिला तर पारपटल बदलण्यापर्यंत पाळी येते. लेन्स न वापरणाऱ्यांची यातून सुटका आहे असंही समजू नका. आपल्या देशात घाण पाणी किंवा माती डोळ्यात जाऊन लेन्स नसलेल्यांनाही हा आजार झालेला आहे. अशा लाल डोळ्यात मेडिकलवाल्याला विचारून स्टेरॉइडचे थेंब घालणं म्हणजे आजाराला मोकळं रान देणं.

तांब्याबद्दल अर्धं खरं आहे तेवढं देऊन टाकते: तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवल्याने त्यातले काही जिवाणू मरतात. त्यावरून ते पाणी निर्जंतुक झालं असं होत नाही, आणि कवच करून बसलेल्या अमीबावर भरवसा ठेवण्याइतका त्याचा परिणाम नाही.

एका प्रसंगी मात्र डोळ्यात पाणी घालायचंच, वेळ न घालवता. तंबाखूच्या पुडीतला चुना, ॲसिड, फिनेल असं काही उडालं तर जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने निदान १५ ते २० मिनिटं वाहत्या धारेखाली डोळा धुवायचा. लेन्स असेल तर धुता धुता काढायची. चुन्याचे कण पापणीच्या आत अडकतात, म्हणून पापणी उलटून धुवायची आणि मग डॉक्टर गाठायचा. ती आणीबाणी झाली. रोजचा व्यायाम म्हणून डोळे पाण्यात उघडे ठेवणं वेगळं. साध्या पाण्याने अश्रूंचा पातळ थर धुऊन जातो, पारपटलाची वरची साय पाणी पिऊन फुगते, आणि बाहेर आल्यावर दिव्याभोवती कडी दिसतात. ती ‘डोळे साफ झाल्याची’ खूण नाही, सूज आहे.

आता भिंगाकडे. मेसेजचा सगळा डोलारा ‘पाण्यात भिंगाची ताकद वाढते’ या एका वाक्यावर उभा आहे, आणि ते वाक्य साफ उलटं आहे.

भिंग प्रकाश वळवतं ते दोन गोष्टींमुळे: त्याच्या पृष्ठभागाची गोलाई, आणि भिंगाच्या व बाहेरच्या माध्यमाच्या अपवर्तनांकातला, म्हणजे ते माध्यम प्रकाश किती वळवतं त्याच्या आकड्यातला, फरक. काच १.५२, हवा १, म्हणजे फरक ०.५२. पाणी १.३३, त्यात बुडवल्यावर फरक उरला ०.१९. गोलाई तीच, पण किरणांना वळायला कारणच कमी उरलं. शिवाय हा फरक पाण्याच्या १.३३ च्या मानाने धरायचा असतो. परिणामी नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, साडेतीन पटीहून जास्त होतं. बारावीच्या एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्रात हे सोडवलेलं उदाहरणच आहे: हवेत २० सेंटिमीटर नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग (काच १.५ ची धरून) पाण्यात ७८.२ सेंटिमीटरचं होतं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी घरांत हे पुस्तक पडलेलं असेल.

पुस्तकावर विश्वास नसेल तर बादली घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं १० सेंटिमीटर नाभीय अंतराचं हातातलं भिंग आणि एक प्लास्टिकची पट्टी एवढं पुरे. पट्टी टेबलावर ठेवून भिंग तिच्यावर ५ सेंटिमीटरवर धरा. मिलिमीटरच्या रेघा दुप्पट मोठ्या दिसतील. आता पट्टी बादलीच्या तळाशी ठेवा (तरंगत असेल तर वर दगड ठेवा), भिंग पूर्ण पाण्याखाली त्याच ५ सेंटिमीटरवर धरा आणि भिंगातून दिसणाऱ्या रेघा शेजारच्या उघड्या रेघांशी ताडून बघा. दुप्पट तर सोडाच, जेमतेम सव्वापटीच्याही आत. हिशेबाने सुमारे १.१५ पट येतं. दोन गोष्टी सांभाळायच्या: भिंग तिरकं करून पाण्यात सोडायचं, नाहीतर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि सगळी आकृती बिघडते, आणि तुलना पाण्यातल्याच शेजारच्या रेघांशी करायची, टेबलावरच्या आठवणीतल्या रेघांशी नाही.

मग पेल्यातलं नाणं मोठं का दिसतं? कारण तिथे भिंग पाण्यात नाही, पाणीच हवेत आहे. गोल पेल्यातलं पाणी हवेच्या मानाने घट्ट माध्यम, म्हणून ते बहिर्वक्र भिंगासारखं वागतं. वरून बघाल तर तळ वर उचलल्यासारखा दिसतो, १२ सेंटिमीटर पाणी ९ भासतं, आणि जवळ आलेली वस्तू मोठी दिसते. मेसेज लिहिणाऱ्याने ‘हवेतलं पाणी’ आणि ‘पाण्यातलं भिंग’ यांची सरमिसळ केली आहे. हेच उलटं करून बघा: काचेची गोल बाटली रिकामी, झाकण घट्ट लावून बादलीत दाबा. आकार तोच फुगीर, पण आत हवा आणि बाहेर पाणी. तिच्यातून पलीकडची वस्तू लहान दिसते. म्हणजे फुगीर आकार असला की भिंग मोठं करून दाखवणारच, असंही नाही. आत काय आणि बाहेर काय, यावर ते ठरतं.

माळव्यात सोयाबीनचं तेल घरोघरी असतं, त्याचाही उपयोग आहे. त्याचा अपवर्तनांक १.४७ च्या थोडा वर, बोरोसिलिकेट काचेचाही जवळपास तेवढाच. मायक्रोवेव्हमध्ये चालणारी बोरोसिलिकेटची लहान वाटी तेलाने भरलेल्या मोठ्या काचेच्या भांड्यात पूर्ण बुडवा, वाटीच्या आतही तेल भरू द्या. वाटी दिसेनाशी होते, तिच्यावर छापलेले आकडे असतील तर तेवढे तेलात अधांतरी दिसतात. साधा पाणी प्यायचा पेला घेतलात तर कडा अंधुक दिसत राहतील, कारण ती काच १.५२ ची. तेल कढत असेल तरी जमत नाही, तापलं की त्याचा अपवर्तनांक उतरतो. १० सेंटिमीटरचं भिंग या तेलात दीड मीटरपलीकडचं होतं, म्हणजे नावाला भिंग.

‘नंबर काचेत असतो’ याचं उत्तर यातच आलं. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा पुरावा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घरात आहे. ऑपरेशननंतर मिळालेलं कार्ड काढून बघा. आत बसवलेल्या भिंगाचा नंबर +२१ किंवा तसाच काही असेल. तो नंबर डोळ्यातल्या द्रवात बुडालेल्या भिंगाचा आहे. पीएमएमए प्लास्टिकचं तेच भिंग हवेत मोजलं तर +६६ च्या आसपास भरेल. वस्तू तीच, बाहेरचं माध्यम बदललं आणि नंबर तिप्पट झाला. हा हिशेब चुकला तर काय होतं तेही इतिहासात नोंदलेलं आहे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. गोलाई माणसाच्या नैसर्गिक भिंगाबरहुकूम, पण प्लास्टिकचा अपवर्तनांक नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त. त्या बाईंना ऑपरेशननंतर मायनस १८ च्या घरातला नंबर आला.

पुढचा दावा: मायनसवाल्याला पाण्याखाली स्वच्छ दिसतं. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात असतो), त्यातले ४३ एकट्या पारपटलाचे. ते एवढं काम करतं कारण त्याच्या पुढे हवा आहे. पारपटलाचा अपवर्तनांक १.३७६, पाण्याचा १.३३. पाण्यात गेल्यावर पुढच्या पृष्ठभागाचे ४८ डायॉप्टर घसरून साडेपाचवर येतात, आणि मागचा पृष्ठभाग उणे सहा तर आधीपासून होताच. उरलं शून्य. पाण्याखाली प्रत्येक डोळा एकदम ४३ डायॉप्टरने कमी पडतो, म्हणजे +४३ चा चष्मा लागावा असा होतो.

मायनस नंबरवाल्याची मूळ ताकद जरा जास्त असते, त्यामुळे त्याची तूट तेवढी कमी, इतपत त्या वाक्यात तथ्य आहे. पण किती? −५ वाल्याचे ४३ ऐवजी ३८. बाहुली ४ मिलिमीटरची धरली आणि डोळ्याने काही ताण घेतला नाही, तर पाण्याखाली एक मीटरवरचा बारीक ठिपका बिननंबरच्या माणसाला सुमारे १३ सेंटिमीटरचा पुसट डाग दिसेल, −५ वाल्याला १२ सेंटिमीटरचा. याला स्वच्छ दिसणं म्हणत नाहीत. पाण्याने नंबर खरोखर भरून निघायला डोळा −४३ चा असावा लागेल. आणि तसं झालं असतं तरी तोंड वर काढताक्षणी पुढे हवाच येणार. पाण्यात असताना पाण्याने केलेलं काही बाहेर बरोबर येत नाही.

पारपटलाचा दोष द्रवाने झाकता येतो, हे तत्त्व मात्र खरं आहे आणि ते रोज वापरलं जातं. पारपटल शंकूसारखं पुढे आलेल्या रुग्णांना कडक लेन्स देतात, तेव्हा लेन्स आणि पारपटल यांच्यामधला अश्रूंचा थर खाचखळगे भरून काढतो. पण तिथे लेन्सचा गुळगुळीत बाहेरचा पृष्ठभाग हवेला लागलेला असतो आणि प्रकाश वळवण्याचं काम तो करतो. नुसत्या पाण्याला तो पृष्ठभाग नाही.

थायलंडच्या मुलांची गोष्ट मेसेजमध्ये सगळ्यात दमदार, आणि तीच सगळ्यात जास्त मोडूनतोडून सांगितलेली. ही मोकेन जमात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ॲना गिस्लेन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मुलांची तपासणी करून २००३ साली ‘करंट बायॉलॉजी’त निष्कर्ष छापले. पाण्याखाली बारीक रेघा ओळखण्यात ही मुलं युरोपीय मुलांपेक्षा दुपटीहून सरस निघाली. कारणंही त्यांनी मोजली: पाण्याखाली मोकेन मुलांची बाहुली १.९६ मिलिमीटरपर्यंत आकसते, युरोपीय मुलांची २.५ वर थांबते. शिवाय ती मुलं डोळ्यातलं भिंग आवळून सुमारे १६ डायॉप्टरची भर घालतात. बारीक बाहुली डाग लहान करते, ताण तुटीतला काही भाग भरतो. पाणी त्यांच्या डोळ्याला काही देत नाही, पाण्याने केलेलं नुकसान ती मुलं कसंबसं भरून काढतात. २००६ मध्ये त्याच गटाने युरोपीय मुलांनाही सरावाने हे जमतं हे दाखवलं. सराव पाण्याखाली बघण्याचा होता. त्याने जमिनीवरचा चष्मा सुटतो असं त्यात कुठेही नाही.

आता नीट बघा, हे १६ डायॉप्टर कुठल्या दिशेचे आहेत. डोळ्यातलं भिंग आवळून आपण ताकद वाढवतो. मायनस नंबरवाल्याचं दुखणं हेच की त्याच्या डोळ्याच्या लांबीच्या मानाने ताकद आधीच जास्त आहे. त्याने हा व्यायाम कितीही केला तरी तो त्याला नको असलेल्या बाजूचाच. मायनस नंबर बहुतेकदा येतो तो बुबुळामागे डोळा लांबट वाढल्यामुळे, एका मिलिमीटरला अडीच ते तीन डायॉप्टर. वाढलेला मिलिमीटर पातेल्यातल्या पाण्याने आखडत नाही.

तरी कुणाला ‘अर्धा नंबर उतरला’ असं का वाटतं? तपासणीत पाव नंबरचा फरक सहज पडतो, आणि लहान मुलं तपासताना डोळा ताणून धरतात, त्यामुळे डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब न घालता काढलेला नंबर खऱ्यापेक्षा जास्त मायनस येऊ शकतो. पुढच्या वेळी तोच मोकळा झाला की नंबर ‘उतरतो’. म्हणून मुलांचा पहिला नंबर थेंब घालून काढून घ्या. वाढता नंबर आवरायला आज हाताशी आहे ते असं: रोज दीड-दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणं, यामुळे नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं, आणि लागलेला वेगाने वाढत असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी मात्रेचे ॲट्रोपीनचे थेंब किंवा त्यासाठीच बनवलेल्या काचा. दोन्हींनी वेग मंदावतो, चढलेला नंबर खाली येत नाही.

गॉगलचा मुद्दा राहिला. साधा चष्मा घालून पाण्यात शिरलात तर नेहमीच्या १.५ च्या प्लास्टिकची −६ ची काच −२ एवढंच काम करेल, आणि १.६७ ची पातळ काच −३ च्या आसपास. लिहिलेला नंबर एक, पाण्यात दोन वेगळे. नंबरच्या गॉगलमध्ये पुढची काच सपाट असते आणि नंबर आतल्या बाजूला, हवेकडे तोंड करून. सपाट पृष्ठभागाला गोलाईच नाही, त्यामुळे बाहेर पाणी आलं तरी नंबर टिकतो. त्यात लूट नाही, तो नीट विचार करून केलेला घाट आहे. विकत घेताना पुढून फुगीर काच असलेला घेऊ नका, पाण्यात त्याचा नंबर सरकतो. तयार गॉगल बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात आणि त्यात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, नसतो. म्हणून सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा: −४ ला −१ सिलिंडर असेल तर −४.५. नंबर ७-८ च्या वर असेल तर गॉगल डोळ्याच्या जास्त जवळ बसतो हे धरून अर्धा नंबर कमीच घ्यायचा. पहिल्या दिवशी भिंत पाऊण अंतरावर आणि सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसेल. तो नंबरचा दोष नाही, सपाट काचेपलीकडच्या पाण्याचा परिणाम आहे आणि साध्या गॉगलमधूनही तसंच दिसतं. नेहरू पार्कच्या तलावात उडी मारण्याआधी काठाला धरून दोन-चार फेऱ्या काढल्या की अंतराचा अंदाज बसतो. गॉगलच्या आत लेन्स घालायची नाही. कडेतून थेंबभर पाणी शिरतंच.